पाय चालतात, बोर्ड चालत नाही: पायांनी ढकलायच्या पॅडलबोर्डचा जोर नेमका कुठे जातो?

पॅडलबोर्डवर उभं राहायचं, पण वल्हं न मारता जिना चढल्यासारखे पाय चालवून पुढे जायचं, या खटाटोपात माझे तीन हंगाम गेले. यंत्रणा आता बरी चालते. एक दुखणं मात्र परत परत येतं: पाय चालत राहतात आणि बोर्ड जागच्या जागी. माझ्या बोर्डवर ते निदान दहा वेळा आलं. माझं बघून दोघा-तिघांनी असंच काही बनवलं, त्यांच्याकडेही आलं. दर वेळी पहिला हात गेला तो पान्याकडे, आणि तिथेच फसगत झाली. निम्म्याहून जास्त वेळा यंत्रात काही बिघडलेलं नव्हतं. उघडल्यावर मात्र बिघडलं.

आधी माझी यंत्रणा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे शब्द कळतील. बोर्डाच्या मधोमध आरपार खाच आहे, तिच्यातून पंखा (प्रॉपेलर) पाण्यात उतरतो. वर दोन पायपट्ट्या. पट्टी दाबली की तिची दोरी ड्रमवरून सुटते आणि ड्रम फिरतो. पाय उचलला की रबरी दोरी पट्टीला परत वर आणते. प्रत्येक ड्रमला फ्रीव्हील आहे, म्हणजे ड्रम परत गुंडाळला जाताना पंखा उलटा ओढला जात नाही. पुढे चेन आणि गिअर मिळून ड्रमच्या एका फेऱ्याचे पंख्याचे आठ फेरे करतात. पंखा ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि पिचही ३० सेंटिमीटर, म्हणजे तो लोण्यात फिरला असता तर एका फेऱ्यात ३० सेंटिमीटर पुढे गेला असता.

होबीची मिराजड्राइव्ह १९९७ पासून बाजारात आहे. तिला पंखा नाही. पेंग्विनच्या परांसारखे दोन पर बोर्डाखाली आडवे हलतात. तुम्ही त्या वाटेने गेला असाल तर फ्रीव्हील आणि पिनेचा भाग सोडून द्या. गवत, दोरी आणि खाचेबद्दलचा भाग तुम्हालाही लागू आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

पायाला वजनच लागत नाही, पट्टी भसकन खाली जाते, मागे बुडबुडे आणि खळखळ.
पायाला नेहमीपेक्षा जास्त वजन लागतं, तरी वेग अर्धाच.
पाऊल सुरुवातीला दोन-तीन बोटं पोकळ जातं, मग पकडतं.
डावा पाय पकडतो, उजवा निसटतो (किंवा उलट).
जोर दिला की ‘खट्’ असा आवाज, हळू चाललं की काही नाही.
जमिनीवर हाताने सगळं मऊ फिरतं, पाण्यात उभं राहिलं की जड.
पहिली दहा मिनिटं छान, मग जोर हळूहळू जातो आणि परत येत नाही.

पाना नको, आधी पावलं मोजा

हा भाग वगळू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

माझी पट्टी एका पावलात १५ सेंटिमीटर खाली जाते. ड्रमचा घेर २० सेंटिमीटर, म्हणजे ड्रमचा पाऊण फेरा, आणि आठपटीने पंख्याचे सहा फेरे. सहा गुणिले ३० म्हणजे एका पावलात १.८ मीटर. पाणी लोण्यासारखं नसतं, ते मागे सरकतं. माझ्या पंख्यावर त्यात पाचवा ते चौथा हिस्सा जातो आणि साधारण १.४ मीटर हाती राहतं. थोडक्यात, सगळं ठीक असेल तर ५० मीटरला ३६ पावलं.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण बोर्ड चांगला चालत असतानाच ते काढून आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. जाताना आणि येताना दोन्हीकडे मोजा आणि सरासरी घ्या, नाहीतर वारा आणि प्रवाह हिशोब बिघडवतात. वेग मोजून हे काम होत नाही, कारण वेग तुमच्या दमावर अवलंबून असतो. तुम्ही दमलात तर पावलं सावकाश पडतील. तेवढ्याच अंतराला ती दीडपट लागणार नाहीत.

आकडा वाढला की जमिनीवर दुसरी मोजणी करा. बोर्ड दोन उंच ठोकळ्यांवर ठेवा, पंख्याच्या एका पात्याला चिकटपट्टी लावा आणि पट्टी हाताने सावकाश पूर्ण दाबून फेरे मोजा. सहा भरले तर दोष बहुधा पाण्यातला आहे: हवा, गवत, पंख्याचा आकार. सहा भरले नाहीत तर दोष यंत्रातला. एवढ्या एका मोजणीने अर्धी यादी गळून पडते. बहुधा असं म्हटलं, कारण काही घसरणं फक्त जोराखाली दिसतं. त्याची परीक्षा पुढे येईल.

इतकी चिकित्सा कशाला, असं वाटेल. मग शक्तीचा हिशोब बघा. ७० किलोचा माणूस मिनिटाला ५० पावलं टाकून दर पावलाला १५ सेंटिमीटर उतरतो, तेव्हा यंत्रात जातात सुमारे ८६ वॅट. सराव नसलेला निरोगी माणूस तासभर टिकवू शकतो ते ७५ ते १०० वॅट. शिल्लक काहीच नाही. इंजिनाच्या होडीत असली गळती कळणारही नाही, इथे ती थेट मांडीत कळते.

हात घालण्याआधी

पंख्याजवळ बोटं नेण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्या वरच्या टोकाला पट्ट्याने बांधा. कुणीतरी वर सहज पाय ठेवतं आणि पंखा सहा फेरे घेतो. पाण्यातली प्रत्येक परीक्षा कमरेएवढ्या पाण्यात करा. अंगात जीवरक्षक जाकीट, पायाला लीश (पाय बोर्डाशी बांधणारी दोरी) आणि बोर्डवर वल्हं हवंच. या यंत्रणेला रिव्हर्स नसतो. पंख्याला गुंडाळलेलं गवत उलट फिरवून सुटत नाही, आणि वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर वल्ह्यावाचून परत येणं अवघड.

१. गवत, पिशवी आणि मासेमारीची तंगूस

यात खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट. पायाला जड लागतंय आणि वेग नाही, तर आधी हेच. गवत पात्यांना लटकतं, ते लगेच दिसतं. तंगूस दिसत नाही. ती पंखा आणि गिअरच्या डब्याच्या मधल्या फटीत घट्ट गुंडाळली जाते आणि तिथल्या रबरी सीलला कापत जाते. पंखा काढून शाफ्टवर नख फिरवा. काचेसारखं गुळगुळीत कडं लागलं तर ते तंगुशीचं. सुरीने कापू नका, सीलही कापलं जाईल. टोक शोधून उलगडा, वेळ लागू द्या.

काढल्यानंतर डब्यातलं ग्रीस बघा. दुधाळ पांढरं झालं असेल तर पाणी आत गेलंय, सील बदलावं लागेल. ‘पहिली दहा मिनिटं छान’ या लक्षणामागे मला दोनदा हेच सापडलं.

२. फुगवायचा बोर्ड असेल तर हवेचा दाब

बहुतेक फुगवायच्या बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो, तोच पाळा. हाताला टणक लागला म्हणजे भरला, असं नसतं. ८ पीएसआयलाही तो टणक लागतो. दाब कमी असला की तुम्ही उभं राहिल्यावर बोर्ड केळ्यासारखा वाकतो, चौकट पिळली जाते, चेन एकीकडे ओढली जाते आणि बेअरिंगं आवळतात. जमिनीवर मऊ आणि पाण्यात जड, याचं हे सगळ्यात स्वस्त कारण. सकाळी गार पाण्यावर बोर्ड उतरवला की आतली हवा आकसते आणि दाब उतरतो, हेही लक्षात ठेवा.

३. हवा ओढली जाते: सगळ्यात जास्त वेळा हेच

पट्टी भसकन खाली जाते आणि मागे बुडबुडे दिसतात, तेव्हा लोक ‘कॅव्हिटेशन होतंय’ म्हणतात आणि नवीन पंखा बनवायला घेतात. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावरचा दाब इतका उतरणं की पाण्याचीच वाफ व्हावी. आपला पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो, टोकाचा वेग सेकंदाला ४.७ मीटर. एवढ्याशा वेगाला पाणी उकळत नाही. बुडबुडे असतात ते वरून आलेल्या हवेचे. पंख्याच्या पुढच्या बाजूला दाब थोडा कमी असतो, आणि जवळपास कुठूनही हवेला वाट मिळाली की ती त्या पोकळीत घुसते. पातं मग पाण्याऐवजी फेस कापत राहतं.

ही वाट कुठली, हे कळायला मला पूर्ण एक हंगाम लागला. बोर्डाच्या कडेकडून येत असणार असं धरून मी शाफ्ट लांब केला, पंखा खोल नेला, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका मैत्रिणीला बोर्डवर उभं केलं, बोर्ड धक्क्याला मागून दोरीने बांधला आणि मी बाजूला पाण्यात मास्क लावून खाली डोकं घातलं. ती सावकाश चालत होती तेव्हा सगळं स्वच्छ. तिने जोर लावला तसा खाचेतून पेन्सिलीएवढा जाड, चंदेरी, पिळदार भोवरा खाली उतरला आणि थेट पात्याच्या टोकाला चिकटला. तिने पाय थांबवला, भोवरा तुटला. परत जोर, परत भोवरा. बोर्डातली खाच ही पंख्याच्या डोक्यावर आम्हीच केलेली चिमणी होती.

परीक्षा फुकटची आहे. यंत्र आणि खाचेच्या मधली फट ओल्या टॉवेलने ठासून बंद करा. टॉवेलचं टोक खाली लोंबता कामा नये, ते पंख्यात जाईल. मग ५० मीटर चाला आणि पावलं मोजा. त्या दिवशी माझी ५२ वरून ३८ वर आली. एवढा फरक दिसला की निदान झालंच.

कायमचा इलाज म्हणून मी जुन्या वेटसूटच्या निओप्रीनच्या पट्ट्या कापून खाचेच्या कडेला आतून चिकटवल्या, दोन्ही बाजूंनी एकमेकींवर येतील अशा. यंत्र वरून घातलं की त्या अंगाला चिकटून बसतात. दर हंगामात एकदा बदलाव्या लागतात, कारण उन्हाने कडक होतात.

खाच नसून यंत्र मागच्या टोकाला लटकवलं असेल तर हवा मागूनच येते. तेव्हा सामान मागे सरकवा, शेपूट दोन बोटं बुडू द्या आणि परत मोजा. पात्याचं वरचं टोक आणि बोर्डाचा तळ यात मात्र पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढं तरी अंतर ठेवा. त्याहून जवळ आणलं की प्रत्येक पातं तळाजवळून जाताना धडधडतं.

४. पंखा उलटा बसलाय का?

हसू नका, हे मी स्वतः केलंय. पंखा साफ करायला काढला आणि परत बसवताना पुढचं तोंड मागे झालं. गंमत अशी की उलटा बसवला तरी बोर्ड पुढेच जातो, कारण स्क्रू कोणत्याही टोकाने धरला तरी त्याची मळसूत्राची दिशा बदलत नाही. फक्त पात्याची गोल कड मागे जाते, धारेची कड पुढे येते आणि पोट-पाठ उलटते. बोर्ड चालतो, पण मरगळलेला. गोल, जाड कड फिरण्याच्या दिशेने पुढे आणि पात्याची चपटी बाजू मागे, असं हवं. हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, ‘मागे’ असं कोरून टाका.

थ्रीडी प्रिंट केलेला पंखा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात बंद गाडीत ठेवलेला काळा पंखा तिथवर सहज पोचतो. पाती तुटत नाहीत, हळूच सपाट होतात. डोळ्याला कळत नाही. ३० सेंटिमीटर पिचच्या पंख्यावर मध्यापासून १०.५ सेंटिमीटरवर पात्याचा कोन साधारण २४ अंश असतो. पुठ्ठ्याचा तेवढ्या कोनाचा तुकडा कापून ठेवा, पंखा सपाट फरशीवर ठेवा आणि तुकडा पात्याला लावा. खाली फट दिसली तर पंखा गेला. तापवून परत वळवायच्या फंदात पडू नका, तिन्ही पाती सारखी कधीच येत नाहीत.

लहान पंखा बसवून जोरात फिरवू, असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. कमी शक्तीत मोठा आणि सावकाश पंखा पाणी कमी ढवळतो आणि जास्त ढकलतो. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९९१ मध्ये डेकाव्हिटेटर नावाची पायांनी चालणारी हायड्रोफॉइल (पाण्याखालच्या पंखांवर वर उचलली जाणारी) होडी १८.५ नॉटपर्यंत नेली, तिचा पंखा तर हवेत फिरणारा आणि माणसाहून उंच होता. आपल्या बोर्डाखाली तेवढी जागा नाही, दिशा मात्र तीच.

५. खूणरेषा

इथून पुढे दोष यंत्रातला. अजूनही पाना उचलायचा नाही, मार्कर उचला. प्रत्येक सांध्यावर, म्हणजे हब आणि शाफ्टवर, ड्रम आणि शाफ्टवर, चाक आणि शाफ्टवर, दोन्हींना ओलांडून जाणारी एक सरळ पांढरी रेघ मारा. ५० मीटर चाला आणि परत येऊन बघा. जिथे रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेत, तिथे घसरतंय. यापेक्षा स्वस्त उपकरण मला माहीत नाही.

सुरुवात ड्रमकडून करा. ७० किलोचं वजन पट्टीवर आलं की ड्रमच्या शाफ्टवर सुमारे २२ न्यूटन-मीटर पीळ येतो. पंख्याकडे पोचेपर्यंत तो आठव्या हिश्श्यावर, म्हणजे २.७ वर उतरतो. सगळे लोक पंख्याचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर टेकणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळत बसतात आणि निसटत असतो तो ड्रमचा. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू कितीही आवळा, तो घसरणारच. कानशीने शाफ्टवर स्क्रूखाली छोटासा सपाट भाग करा, थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाका आणि मग आवळा. ड्रमसाठी शक्य असेल तर चावीघाट (अडकण बसवायची खाच) असलेला शाफ्टच घ्या.

६. पिन

पंखा आणि शाफ्ट यांना जोडणारी ३ मिलिमीटरची नायलॉनची पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. पंखा दगडाला लागला की तिने तुटायचं आणि गिअर वाचवायचा. पंखा हाताने उलट्या दिशेने फिरवा. पट्ट्या वर बांधलेल्या असताना तो घट्ट अडायला हवा. मोकळा फिरला तर पिन गेली. अडला तरी पिन काढून बघा: नायलॉन पाणी पितं आणि हळूहळू कापलं जातं. मधे कंबर बारीक झालेली पिन म्हणजे उद्याचा प्रश्न.

पहिल्या हंगामात पिना संपल्या म्हणून मी तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला. खिळा उत्तम टिकला. वाळूच्या दांड्याला पंखा लागला तेव्हा ‘कट्’ असा बारीकसा आवाज आला, फार काही नाही. घरी डबा उघडला तर आत लहान गिअरचे तीन दात ग्रीसमध्ये तरंगत होते. आता जाकिटाच्या खिशात सहा नायलॉन पिना असतात, आणि खिळे घरी.

७. दोरी आणि रबर

पाऊल आधी पोकळ जात असेल तर इथे बघा. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि ओली झाली की जास्तच. तुमच्या १५ सेंटिमीटरातले तीन ती खाऊन टाकते. पॉलिस्टर बरी. डायनीमा ही खास मजबूत दोरी जवळजवळ ताणली जात नाही, पण ती इतकी निसरडी की साधी गाठ हळूच सरकत सुटते. मी सुरुवातीला दोरीला दोष दिला आणि सरकत होती ती गाठ. टोकाला विणून डोळा करा. विणता येत नसेल तर पॉलिस्टर वापरा. तारेची दोरी घेतली असेल तर कप्पीवर वाकते तिथे बोट फिरवा (हातमोजा घालून). एक जरी तार उभी राहिलेली लागली तरी दोरी बदला.

रबरी दोरी ढिली पडली की पट्टी वर यायला उशीर करते, तुम्ही पाय टाकता तेव्हा ती अर्ध्यावरच असते. पावलं तेवढीच पडतात, अंतर अर्धं. जमिनीवर पट्टी दाबून सोडा. पायाआधी ती वर पोचायला हवी.

८. फ्रीव्हील

एकच पाय निसटत असेल तर गुन्हेगार बहुधा हाच. आधी जोराखालची परीक्षा. बोर्ड ठोकळ्यांवर असताना पंख्याच्या पात्यामागे लाकडी पट्टी लावून धरा. बोटं नकोत, पट्टीच. दुसऱ्याला एका पायपट्टीवर हळूहळू पूर्ण वजन द्यायला सांगा. पंख्याच्या टोकाशी दोन किलोच्या आसपासच जोर येतो, हाताने पेलतो. पायपट्टी जागच्या जागी थांबली तर ती बाजू ठीक. हळूच खाली सरकली किंवा ‘खट्’ करून एकदम उतरली, तर फ्रीव्हील निसटतंय.

सायकलचं फ्रीव्हील असेल तर आत स्प्रिंगवरच्या दोन-तीन छोट्या खिट्ट्या असतात, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. घट्ट ग्रीस भरलं की हे कुत्रे चिकटून बसतात आणि उठत नाहीत. पाणी जाऊ नये म्हणून आपणच प्रेमाने ग्रीस ठासलेलं असतं! केरोसीनने धुऊन काढा, पातळ तेलाचे चार थेंब सोडा. फिरवल्यावर टकटक स्वच्छ ऐकू आली की काम झालं.

सुईच्या बेअरिंगसारखं एकदिशी बेअरिंग वापरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या सुया थेट शाफ्टवर पकड घेतात आणि त्याला कठीण केलेला शाफ्ट लागतो. गंजू नये म्हणून आपण साधा स्टेनलेस घालतो, तो मऊ. काही दिवसांत सुयांचे चर पडतात आणि मग नवीन बेअरिंग घातलं तरी घसरतंच. शाफ्ट उजेडात धरून फिरवा. बारीक उभ्या रेघा दिसल्या तर बेअरिंगबरोबर शाफ्टही बदला.

९. चेन, चौकट, बेअरिंग

अर्ध्या इंच पिचच्या चेनच्या २४ कड्या नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ च्या पुढे गेल्या तर चेन बदला, ती आता चाकाचे दातही खाईल. खाऱ्या पाण्यात वापर असेल तर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे बोल्ट थेट लावले की खाऱ्या पाण्यात त्या जोडीची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं. नायलॉनचे वायसर आणि बोल्ट जाम न होऊ देणारं (अँटी-सीझ) ग्रीस लावा.

पाण्यात जड आणि जमिनीवर मऊ, पण हवेचा दाब ठीक, असं असेल तर बोर्ड फोमच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा, पट्ट्या वर बांधलेल्याच ठेवा आणि कुणाला तरी पट्ट्यांच्या शेजारी दोन्ही बाजूंना पाय ठेवून बोर्डवर उभं करा. मग पंखा सरळ दिशेने हाताने फिरवा. आता अडखळला तर वाकण्यामुळे शाफ्ट रेषेतून सुटतोय. चौकट बोर्डाला चारही कोपऱ्यांत करकचून आवळू नका. दोन कोपरे घट्ट, दोन रबरी वायसरवर थोडे मोकळे ठेवल्यावर माझ्याकडे हे थांबलं.

इथे थांबा

गिअरच्या डब्यात दात तुटले असतील किंवा शाफ्ट एका जागी हलतो असं वाटत असेल, तर घरी ठोकाठोक करू नका. दातांचा मेळ कागदाएवढ्या पातळ पत्र्यांनी जुळवावा लागतो. ते लेथवाल्याचं काम आहे आणि त्याच्याकडे मोजायची साधनं असतात.

बॅटरी-मोटरची जोड दिली असेल आणि डब्यात पाणी गेलं असेल, तर लिथियमची बॅटरी वाळवून परत चार्जिंगला लावू नका, ती वरून ठणठणीत दिसली तरी. फुगली असेल किंवा गोडसर वास येत असेल तर घरात आणूच नका. उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि बॅटरीच्या जाणकाराला बोलवा.

तिसरी गोष्ट बोर्डाची, आणि हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कडक बोर्डला खाच कापली की आतला फोम उघडा पडतो. कडा इपॉक्सीने नीट बंद नसतील तर ईपीएस (थर्माकोलसारखा) फोम पाणी शोषतो. बोर्ड जड होतो, खोल बसतो, पावलं वाढतात, आणि आपण महिनाभर पंखा तपासत बसतो. कोरडा बोर्ड वर्षातून दोनदा तराजूवर ठेवा. किलोभर वाढ दिसली तर पाणी आत आहे. मग खाचेच्या चारही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा. दबून परत वर आलं, करकरलं, किंवा कोपऱ्यातून केसासारखी चीर बाहेर निघालेली दिसली, तर त्या बोर्डवर परत उभं राहू नका आणि वरून इपॉक्सी फासून चीर झाकूही नका, पाणी आत अडकतं. मधली दांडी, म्हणजे स्ट्रिंगर, आपण स्वतःच कापलेली असते. बोर्ड तुटला तर तिथेच आणि किनाऱ्यापासून लांब तुटेल. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, खाच कधी आणि कशी कापली ते लपवू नका, आणि फोम पूर्ण वाळेपर्यंत तो म्हणेल तितके आठवडे थांबा.